नऊ नंबरच्या तारा

चि. छोटीस,
दादाचा दमलेला, पण घसघशीत आशीर्वाद.

घरच्या माझ्या गिटारला कोणत्या तारा लावू, असं विचारलंस. नऊ नंबरच्या लाव. त्या बारीक असतात, नवख्या बोटांना सोसतात. दुकानदार जाड, अकरा नंबरच्या गळ्यात मारायला बघेल, त्याचं ऐकू नकोस.

मीही आता नऊच्याच वाजवतो. हो, ‘बारीक तारा म्हणजे पाणचट चहा’ म्हणणारा तोच मी! इथे हॉटेलात संध्याकाळभर जेवणाऱ्यांसमोर वाजवायचं, तर हलकंच बरं. फक्त जुन्या सवयीने जोर लावून दाबतो, मग बारीक तारेचा सूर चढतो आणि आमच्या ड्रमवाल्याच्या भुवयाही.

बाकी मजेत. तारा दाबणाऱ्या डाव्या हाताची बोटं सकाळी जरा उशिरा जागी होतात, एवढंच. आईला सांग, वेळेवर जेवतो. बाबांचा खोकला गेला का?

गिटारवरच्या माझ्या जाड तारांना हात लावायचा नाही, असं मी निघताना बजावलं होतं. आता काढून टाक. जपूनही ठेवू नकोस. मी आलो की तुझ्याच तारांवर वाजवीन, एखादंच गाणं.

तुझा,
दादा