आतली कडी

धाकटे फिलोमेना, थोरलीचा आशीर्वाद घे.

ऑस्ट्रेलियात आम्ही दोघी धडधाकट आहोत. माझ्या नातीच्या, नुन्झियाच्या गालावरचा व्रण फिका पडलाय, पोटभर जेवते. तुझे गुडघे काय म्हणतात?

एक सांगते, घाबरू नकोस. तिला ओढून न्यायला तिच्या नवऱ्यानं आपल्या टोळीतल्या साव्हेरिओला पाठवलं होतं. तो दारात दिसला नि पोरीच्या हातून बशी फुटली. एवढ्यावरून नवऱ्यानं तिची बोटं मोडली असती. हा मेला खाली बसून तुकडे वेचायला लागला. मग तिच्या नवऱ्यालाच फोन करून म्हणाला, "इथं कुणी नाही."

आता त्यालाही गावाची वाट बंद. त्याच्या आईला काही सांगू नकोस, नुसती रविवारी चर्चमध्ये तिच्याशेजारी बसत जा.

तो उसात राबतो, बाहेर खोपीत झोपतो. मी बजावलंय, "लांडगा तो लांडगाच. आमच्या दाराला आतून कडी असते." म्हणतो, "असूच द्या, आजी."

नवऱ्याकडे पोरीला बाहेरून कुलूप असायचं. काल दुपारी तिनं आपल्या हातानं कडी काढली नि साव्हेरिओसाठी कॉफी घेऊन निघाली. मी म्हटलं, "साखर घातलीस का गं?"

पत्र चुलीत घाल.

तुझी, अजून न मेलेली,
अगाता