बाण थेट आपल्याच दारात

अरे,

खोदकामासाठी सायकलवाट बंद केल्याचा बोर्ड तूच रंगवलास, अक्षर ओळखलं मी. आपला अबोला आहे, मान्य. पण नवरा त्याच कामावर मुकादम असताना ही बातमी मला बोर्डावरून कळावी? तरी डोळे मिटून तुझ्या बाणामागे गेले, तर गोदामांना वळसा घालून थेट आपल्याच दारात! मागचे दोन सायकलवाले वर मलाच विचारतायत, पुढे कुठून जायचं. अरे, तुझ्या घरी यायच्या रस्त्याने सगळं जग जात नाही!

मला उशीर झालाय, बसने निघालेय. जेवण झाकून ठेवलंय. दुपारी जेवलास की आधी तो बाण फिरव.

संध्याकाळी तू मात्र जुन्याच बाणाने ये. आणि आल्यावर काहीतरी बोल. भांडलास तरी चालेल.