दुखवट्याच्या कापडाचा शर्ट

प्रिय सुलभा,

परवा उमरठला तुझ्या माहेरी, दत्तारामच्या घरी जेवून आलो. तांदळाची खीर होती. दोनदा घेतली. तेव्हापासून मी कुणाशी धड बोललेलो नाही. ज्याच्याशी बोलायला हवं, त्या तुझ्या भावाशी बोलायचं धैर्य नाही. म्हणून तुला लिहितो आहे. तुला लिहिणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तेही जात नाही.

तुझं वर्षश्राद्ध अजून व्हायचं आहे. आणि पुढच्या आठवड्यात मी आफ्रिकेला चाललो आहे.

कुणी आग्रह केला नव्हता. माघ महिन्यात मी आपण होऊन मुंबईला गेलो आणि सहल कंपनीत नाव नोंदवलं. ‘आपण दोघं का?’ असं तिथल्या मुलीनं विचारलं. मी म्हणालो, एकच. तिनं पुढचं काही विचारलं नाही. मला मात्र ते विचारून हवं होतं. मी रडलो असतो, आणि मग जाणं थोडं शोभून दिसलं असतं.

महाडात कुणालाही सांगितलेलं नाही. पुण्याला पुतण्याकडे जातोय, असं सांगतो. वर्ष व्हायच्या आत सणसुद्धा करू नये, तिथे हा माणूस सिंह बघायला निघाला! असं कुणी तोंडावर म्हणणार नाही. भाजी घेताना मागे म्हणतील.

पण लोकांची लाज ही त्यातली लहान. मोठी वेगळीच आहे.

तू पाचवीच्या वर्गाला आफ्रिका खंड शिकवायचीस. ‘खचदरी’ हा शब्द सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणवून घ्यायचीस. मी एकदा तुला न्यायला शाळेत आलो होतो तेव्हा बाहेरून ऐकलं होतं. निवृत्त झालीस आणि स्वयंपाकघराच्या दारामागे तोच नकाशा लावलास. फोडणीचा एक थेंब उडून व्हिक्टोरिया सरोवराच्या शेजारी आणखी एक सरोवर तयार झालं. श्रावणात जायचं, कारण तेव्हा जनावरांचे कळप नदी उतरतात. हे तू मला किती वेळा सांगितलंस? मी दर वेळी ‘बघू’ म्हणालो. गेल्या गणपतीत शेवटी ‘पुढच्या वर्षी’ असं म्हणालो.

तू लगेच तयारीला लागलीस. उमरठला जाताना जीपमध्ये पुढची जागा मिळत असूनही मुद्दाम मागे, फळीवर बसलीस. ‘सवय करतेय,’ म्हणालीस. गचके खात पोलादपूरहून वर पोचलीस आणि उतरल्यावर कंबर धरून हसत होतीस. सहल कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, कपडे मातकट रंगाचे हवेत. निळा नको, काळा नको, त्यावर माश्या येतात. तू कपाट उघडून सगळं पलंगावर मांडलंस आणि मला विचारलंस, यातलं काय चालेल? मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, “सिंह तुझ्या साडीचा रंग बघणार आहे का?”

तू हसलीस. का हसलीस? एकदा तरी चिडायचं होतंस. तुझ्या हसण्यामुळे मला नेहमी वाटत राहिलं की मी विनोदी आहे.

आणि तू मागवलेली ती दुर्बीण. हातात आली त्या संध्याकाळी तू मला दादलीच्या पुलावर घेऊन गेलीस. ‘आफ्रिकेतल्या मगरी बघायच्या आधी घरच्या बघू,’ म्हणालीस. सावित्रीच्या काठावर त्या पडलेल्या असतात, सगळ्या महाडला ठाऊक आहे. आपण रोज त्या पुलावरून जातो आणि बघत नाही. तू कठड्याला टेकून बघत होतीस. मी स्कूटरपाशी नदीकडे पाठ करून उभा होतो. कॉलेजची मुलं सायकलवरून जात होती. सरांची बायको पुलावर दुर्बीण लावून उभी आहे, हे मला नको होतं. ‘अहो, या ना, जबडा उघडलाय तिनं,’ तू म्हणालीस. मी म्हणालो, उशीर होतोय. कशाला उशीर होत होता?

मग आश्विनात तू गेलीस. सकाळी चहा ठेवायला उठलीस, आणि ओट्यापाशीच. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आपल्याला मूलबाळ नाही. दत्ताराम उमरठहून आला आणि दिवस होईपर्यंत माझ्याजवळच राहिला.

आता ती मोठी लाज. सुलभा, मला मजा येते आहे.

तुझ्याबरोबर जी तयारी मी एक दिवस केली नाही, ती मी चैत्रापासून एकटा करतो आहे. नकाशा दारावरून काढून टेबलावर घेतला. तुझी कात्रणं वाचली, तू पेन्सिलीनं खुणा केलेल्या जागा पुन्हा वाचल्या. मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची लस घेतली. त्यानं अंगात कणकण आली तर पांघरूण घेऊन पडलो आणि चक्क खुशीत होतो, जणू प्रवास सुरूच झाला. कडक सूटकेस चालत नाही म्हणून मऊ पिशवी आणली. ती भरतो, रिकामी करतो, पुन्हा भरतो. टोपी आणली, रुंद काठाची. ती घालून बघतो. रोज बघतो! हे सगळं तुझ्यासाठी करतोय, तुझी इच्छा पुरी करतोय, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. मला जायचं आहे. तू असताना मला कधी एवढं कुठेच जायचं नव्हतं.

मग कपडे. माझ्याकडे सगळे पांढरे शर्ट. पेठेत जाऊन मातकट रंगाचं कापड मागायची चोरी, दुकानदार विचारणार. तेव्हा कपाटात दत्तारामनं दिलेलं कापड दिसलं.

तुमच्याकडची रीत मला ठाऊक होती. तेराव्यानंतर बायकोच्या माहेरून दुखवट्याचं कापड येतं. ते शिवायचं, आणि पहिल्यांदा अंगावर घालून कापड देणाऱ्याच्याच घरी जेवायला जायचं. तिथे गोड खायचं. मग दुखवटा उतरला. माणूस सणावाराला, प्रवासाला मोकळा. दत्तारामनं शर्टाचं आणि पॅन्टचं कापड आणलं होतं. देताना म्हणाला, “सवडीनं शिवा, दाजी. घाई नाय.” मी ते कपाटात ठेवलं आणि विसरलो. आता उलगडून बघितलं तर मातीसारखा तपकिरी रंग. माहितीपत्रकात छापलेला, अगदी तोच.

मी ते टेलरकडे नेलं. वर दोन खिसे, खाली दोन, आणि बाहीवर एक, असं सांगितलं. टेलर माप घेता घेता म्हणाला, “सर, एवढ्या खिशांत दुकान थाटायचंय का?” मी म्हणालो, प्रवासात बरे पडतात. पुण्याच्या प्रवासाला! त्यानं पाच खिसे शिवून दिले.

परवा सकाळी मी तो शर्ट घालून तुझ्या कपाटाच्या आरशासमोर उभा होतो. डोक्याला टोपी. गळ्यात दुर्बीण. दार वाजलं. दूधवाला असेल असं वाटून तसाच गेलो आणि दार उघडलं.

दत्ताराम होता. खांद्यावर पाणी गळणारं इरलं, हातात पिशवी. लावणी आटपून पोलादपूरच्या पहिल्या गाडीनं आला होता. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मी दुर्बीण काढून पाठीमागे धरली. टोपी काढायचं सुचलं नाही.

“शिवलात व्हय कापड?” तो म्हणाला. “बरा झाला. मंग आजच चला जेवायला. मंगल वाट बघत्येय.”

मी म्हणालो, शर्ट बदलून येतो.

“बदलताय कशाला, दाजी? त्योच घालून यायचा असतो. टोपीपन राहू दे. पाऊस हाय.”

असा मी उमरठला गेलो. पाच खिशांचा शर्ट आणि शिकाऱ्यासारखी टोपी घालून, एस.टी.त, मग जीपमध्ये. जीपमध्ये दत्तारामनं मला पुढे बसवलं आणि तो मागे फळीवर बसला. तू बसली होतीस तिथे. हे मला वाटेत आठवलं आणि मी मागे वळून बघितलं नाही.

तुझ्या वहिनीनं, मंगलनं, घावन घातले होते. तुला घावनाबरोबर खीर लागायची, हे तिनं वाढताना सांगितलं. ओटीवर शेजारचे दोघं-तिघं आले होते. ते शर्टाकडे बघत होते. एक म्हातारा म्हणाला, “जावईबापूंनी खिशे बाकी लय ठेवलेत. सासुरवाडीतून काय काय न्यायचा बेत हाय?” सगळे हसले. मीही हसलो. मग मंगलनं सहज विचारलं, कुठं जायचं ठरतंय का?

मी म्हणालो, “पुण्याला. पुतण्याकडे.”

दत्ताराम माझ्या तांब्यात पाणी ओतत होता. धार हलली नाही. तो म्हणाला, “खीर वाढ गो त्यांना.” मी ती घेतली. पहिलीही मीच मागून घेतली होती, सुलभा. मला भूक लागली होती.

दुपारी तो मला पोलादपूरच्या स्टॅंडवर सोडायला आला. नको म्हटलं तरी आला. शेडखाली आम्ही उभे होतो. पत्र्यावर पाऊस वाजत होता.  मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला,

“दाजी, आफ्रिकेत आता पाऊस असंल काय?”

मी काय उत्तर दिलं, सांगू? मी म्हणालो, “नाही. तिकडे सध्या कोरडा हंगाम असतो.”

एवढंच. परीक्षेत विचारल्यासारखं. जन्मभर मुलांना शब्दांबद्दल शिकवलं, आणि त्या माणसापुढे मला हंगाम तेवढा सांगता आला.

“मंग बरा,” तो म्हणाला. “ताई गौरीला आलेली तवा बोल्लेली, श्रावणात तिकडं जनावरं नदी उतरतात. बोल्ली, ह्यांचा पाय ऐन वेळेला निघायचा नाय. तवा तू ये महाडला, आनि ढकल ह्यांना.” मग म्हणाला, “ती नसल्यावर तर निघनारच नाय, असा वाटला. म्हनून आज ढकलायला आलो होतो.”

तो ढकलायला आला होता, आणि मी टोपी घालून दारात उभा!

मी म्हणालो, दत्ताराम, मी तुला सांगणार होतो. तेही खोटंच. त्यानं ते ऐकल्यासारखं केलं नाही. एवढंच म्हणाला, “दुखवटा अंगावर घेऊन मानसानं येवढ्या लांब जाऊ नये. म्हनून जेवायला नेलं. तुमी आपनहून आला नसतात.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काही तरी उत्तर शोधलं असतं.

गाडी लागली. मी खिडकीशी बसलो. गाडी हलताना तो खिडकीखाली आला आणि म्हणाला, “तिकडच्या मगरी आपल्या सावित्रीतल्यांपेक्षा मोठ्या असतात काय, तेवढा नीट बघून या. ताईला बघायचा होता.”

महाडपर्यंत मी टोपी मांडीवर घेऊन बसलो होतो.

तू त्याला सगळं सांगितलंस, सुलभा. मला का नाही सांगितलंस, की त्याला सांगितलं आहेस? मला एवढं ओळखत होतीस तर तोंडावर म्हणायचं होतंस: तुम्हाला लाज फार वाटते आणि नको तिथे वाटते. पुलावर वाटली. जिथे वाटायला हवी होती, त्या पानावर बसून मी खीर मागितली. मला जायची हौस आहे याची लाज नाही, हे आता लिहिता लिहिता कळतंय. ज्यानं मला मोकळं करायला आपलं घर उघडलं, त्याच्या घरात बसून मी ती हौस लपवली. तुझी हौसही त्याबरोबर लपवली. तू काही चोरून करत नव्हतीस. तू तर पुलावर दुर्बीण लावून उभी होतीस, भर संध्याकाळी, सगळ्यांसमोर.

दत्तारामनं विचारलेलं मला सांगता येणार नाही. तिकडच्या मोठ्या की इकडच्या? इकडच्या मी बघितल्याच कुठे आहेत?

तेव्हा ऐक. उद्या संध्याकाळी मी दादलीच्या पुलावर जाणार आहे. तोच शर्ट, तीच टोपी, गळ्यात तुझी दुर्बीण. कॉलेज सुटायच्या वेळेला जाईन. नदी दुथडी भरून वाहते आहे, पाणी गढूळ आहे. या दिवसांत मगर दिसेलच असं नाही. तरी नदीकडे तोंड करून उभा राहीन. कुणी विचारलं, सर, काय बघताय, तर सांगेन. कुठे चाललोय, तेही सांगेन.

आणि परत येताना मुंबईहून महाड आधी लागतं. मी महाडला उतरणार नाही. तसाच पोलादपूरला जाईन, तिथून उमरठला, न धुतलेल्या त्याच शर्टात. जीपमध्ये मागे बसेन. दत्तारामच्या ओटीवर आधी पुण्याचं खोटं होतं हे सांगून टाकेन, मग आफ्रिकेतली तुझी नदी. ती त्याला सगळी सांगेन, अगदी पाण्याच्या रंगापासून. आणि थंडी पडली की त्याला घेऊन पुलावर जाईन. मगरी तेव्हा काठावर येतात. तू दुर्बीण लावून बघितलेली ती, जबडा उघडलेली, अजून तिथे असेल तर दोघं मिळून बघू.

तुझा,
माधव