ओटीच्या दाराला कडी नको

मी, मंजुळा दामाजी कोळी, वय अठ्ठावन्न, राहणार खाडीकाठ, कळवा, कोणाच्याही दडपणाशिवाय माझी ही शेवटची इच्छा सांगून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. अक्षर माझा मुलगा कान्हा याचं.

घर कान्हाला. पण पुढची खोली, म्हणजे आमची ओटी, नीला सिस्टरच्या वर्गासाठी राहील. गर्द ओढलेलं पोर निपचित पडलं तर काय करायचं, ते ही बाई नौपाड्याच्या दवाखान्यातून येऊन वस्तीतल्या बायांना शिकवते. 'गर्दुल्ल्यांचा विषय देवळात नको' म्हणून पंचांनी तिला मंडपातून उठवलं. पुतण्या गोमाजीला ओटीत व्हिडिओ पार्लर काढायचंय. त्याला माझे आशीर्वाद आहेत, खोली नाही.

मासळीबाजारातली नळाजवळची माझी जागा रंगूबाईला. याच जागेवरून ती जन्मभर माझ्याशी भांडली. तरी देते, कारण कान्हा आतून कडी लावून गर्द ओढून पडला, तेव्हा दार तिनं खांद्यानं फोडलं. त्याचे ओठ निळे पडले होते. मला वाटलं, दारू चढली. दारू उतरवायला आमच्यात लिंबूपाणी पाजतात, तेच घेऊन मी धावले. तिनं वाटी उडवली.

"पाजू नको गो, गुदमरंल पोर! दारू नाय ही!"

मग त्याची मान मागं करून, नाक दाबून, रिक्षा येईपर्यंत ती तोंडानं श्वास देत राहिली. सिस्टरच्या वर्गाला ही फुकटच्या चहासाठी जाते, असं मी गावभर सांगितलं होतं. चहा वसूल झाला, रंगू. तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

सोन्याची पोत कान्हाच्या बायकोला, ती येईल तेव्हा. कान्हा म्हणतो, "आई, हे कशाला लिहायचं?" लिही रे गुमान.

ओटीच्या दाराला आतून कडी कधीही बसवू नये. आत कोणाचंही पोर असो, ते एकटं पडता कामा नये.

माझ्या चितेला कान्हानं अग्नी द्यावा. आईचं मुलानं करायचं असतं, मुलाचं आईनं नाही. एवढं देवानं, सिस्टरनं आणि रंगूनं मला राखून दिलं. मी तृप्त आहे.

साक्षीला रंगूबाईच हवी होती. वकील म्हणाले, जिला द्यायचं तिची साक्ष नको. ती बाहेर फुगून बसली आहे.

ठिकाण : कळवा
दिनांक : ३ नोव्हेंबर १९९१

मंजुळा दामाजी कोळी, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार :
१. चंद्रभागा गणपत नाखवा
२. सीताराम धोंडिबा गायकवाड

लिहिणार : कान्हा दामाजी कोळी, हयात.