खांब जाड होत नसतो

आदरणीय व्याहीबुवांस,

सप्रेम नमस्कार. विहीणबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो ना? तुमच्या रोपवाटिकेत गिऱ्हाईकही बरं असेल. इकडे सगळे ठीक आहेत. (सगळे म्हणजे माणसं. झाडाविषयी खाली लिहितो, ते बसून वाचावं.)

लग्नात तुम्ही लेकीबरोबर संत्र्याचं रोप दिलंत. व्याह्यांची भेट, ती वाकडी वाढली तर लोक काय म्हणतील, म्हणून मी अंगणात लोखंडी खांब रोवला आणि रोप त्याला तारेने आवळून बांधलं. माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेली, हे तुम्ही जाणताच. माझी गाठ वादळातही सुटली नाही, हीच काय ती माझी कीर्ती. (मुलाच्या हुशारीचं श्रेय तुमच्या विहीणबाई घेतात.)

सूनबाईने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, बाबा, तार सैल करा, खोड जाड होतं. मी म्हणालो, पोरी, तुला झाडातलं कळतं, मला तारेतलं. जन्मभर खांबांवर चढलो, एकही खांब जाड झालेला पाहिला नाही. ती हसली. पुढच्या वर्षी तेच सांगितलं, तेव्हा हसली नाही. एकदा पक्कड घेऊन अंगणात निघाली, तर मी पक्कडच कपाटात कुलूपबंद केली.

मग तारेच्या वर खोडाला गोलाई आली. मी त्याला बाळसं समजलो आणि तुम्हाला फोटो पाठवला. (खाली खांब गंजका दिसत होता, म्हणून फोटोतला तारेपासून खालचा भाग कापून पाठवला. नाहीतर तुम्ही तेव्हाच धावत आला असतात.) यंदा तर पान दिसेना इतका बहर आला. मी गल्लीभर मिरवलो. सूनबाई एवढंच म्हणाली, बाबा, मरायला टेकलेलं झाडही असं फुलतं.

पानं पिवळी पडली तेव्हा तिने मला खोडापाशी बसवून समजावलं. सालीच्या आत कागदासारखा पातळ, ओलसर थर असतो. तो आतल्या अंगाला लाकूड घालतो, बाहेरच्या अंगाला साल. झाड जाड होतं ते असं. पाणी लाकडातून वर चढतं, पण पानांनी रांधलेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे येतं. माझी तार सालीत रुतली आणि ते अन्न वाटेतच अडलं. ज्याला मी बाळसं म्हणत होतो, तो मुळांच्या तोंडचा घास होता. मुळं उपाशी, आणि मी रोज सकाळी शीळ घालत त्यांना पाणी पाजत होतो.

काल मी पक्कड काढून दिली. तिने तार कापली. पक्कड कपाटात जागेवर ठेवली आणि आत गेली.

विहीणबाईंना नमस्कार सांगावा. तुमच्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू, याच्या विचारात असलेला,

तुमचा व्याही

ता. क. : पुढच्या महिन्यात याल तेव्हा तुमच्याकडच्या मूळ झाडाच्या चार काड्या आणा. जखमेच्या खालून वर कलमाचा पूल बांधता येतो, असं मी वाचलं आहे. मी हात लावणार नाही.

आणखी एक : पत्र आठवडाभर टाकायचं राहिलं, तेवढ्यात ते सूनबाईने वाचलं. मुळंच गेली आहेत, काड्यांचा उपयोग नाही, म्हणते. तेव्हा काड्या राहू द्या. पण तिला फोन करून सांगा, की सासऱ्याला चार शब्द सुनाव. तुमचं ती ऐकेल. रोज वेळेवर चहा आणून ठेवते, साखरही बरोबर असते, आणि आत निघून जाते. तो चहा घशाखाली उतरत नाही.