रिकाम्या बाटल्यांचे मार्गदर्शक

२ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. आधीच्या चार सुटल्या, पण या वेळी पेन भारीतलं घेतलंय.
मोठी बातमी. राज्याची विद्यार्थी पर्यावरण स्पर्धा जाहीर. रिसायकलिंग, स्वच्छ ऊर्जा, जनजागृती, काहीही चालेल. आणि पहिल्या नंबराच्या मार्गदर्शक शिक्षकाला बदलीत प्राधान्य! तीनदा वाचलं. किती वर्षं या सान त्रांकिलिनोच्या डोंगरावर धुकं खात बसलोय. बायको इरासेमा खाली ओआहाका शहरात. काल फोनवर म्हणाली, यंदा खाली या, नाहीतर कायमचे तिकडेच बसा. म्हणजे ओढ आहे अजून.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. मेस्काल (इथली दारू) बंद. मुलांची नावं पाठ करणे.
प्रोजेक्टही ठरला. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्यांचं ग्रीनहाऊस, आत लालबुंद टोमॅटो. परीक्षक रडतील.

३ सप्टेंबर, सकाळी पावणेनऊ
उठलो. धुकं होतं, त्यामुळे पाच वाजल्याचं दिसलं नाही.

५ सप्टेंबर
मुलांना घरून बाटल्या आणायला सांगितल्या होत्या. सगळ्या वर्गात मिळून एक आली. तीही चर्चचं पवित्र पाणी भरलेली, संध्याकाळी परत द्यायच्या बोलीवर.
वैतागून चौकशी केली. नववीतली एल्पिदिया (अक्षर चांगलं, बाकी आगाऊ) उभी राहून म्हणाली, सर, आपल्या गावात कचराच होत नाही. सोडा काचेच्या बाटलीत येतो, तो दुकानात उभं राहून प्यायचा आणि बाटली क्रेटमध्ये परत. घरी न्यायचा तर आपला भोपळ्याचा वाडगा घेऊन जायचं. पानात बांधून आणलेलं खाल्लं की पानं डुकरांना.
म्हटलं, खाली बस. कपाळाला हात लावला. ज्या गावात कचराच नाही तिथे कचऱ्याबद्दल जागृती करायची कशी? मागासलेपणा म्हणतात तो हाच. आता आधी पाया घालावा लागणार.

८ सप्टेंबर
एल्पिदियानं स्वतःचा प्रोजेक्ट आणला. जुन्या सायकलवर बसवलेली मक्याची चक्की. वीज गेली की बायका चक्कीपुढे पातेली घेऊन खोळंबतात, त्यावर उपाय म्हणे. पॅडल मारून दाखवलं. पीठ आलं. पण व्हिजन कुठाय? सायकल काय, सगळ्यांनीच पाहिलेली असते.
समजावलं की, बाळ, शाळेतून एकच प्रोजेक्ट जातो आणि तो ठरलाय. तू अहवाल लिही. सायकल भिंतीला लावून जागेवर बसली. भारावली असावी.

१३ सप्टेंबर
खाली तालुक्याला जाऊन बुर्बूखा सोड्याच्या एजंटला गाठला. आमच्या गावाला प्लास्टिकच्या बाटल्या का नाहीत, असा सरळ जाब विचारला. म्हणाला, साहेब, तुमचं गावच घेत नाही, आम्ही हात टेकले. म्हटलं, आता घेईल, मी अंतर्गत गुण बाटल्यांवर ठेवलेत. त्यानं माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, डोळ्यांत पाणी. पर्यावरणाबद्दल इतका हळवा माणूस पाहिला नव्हता.

२९ सप्टेंबर
सोड्याची गाडी आठवड्यातून दोनदा वर येते. मुलं पेटली आहेत. सकाळी भाकरीबरोबर बुर्बूखा, मधल्या सुट्टीत बुर्बूखा, झोपताना बुर्बूखा. सातवीतला ओदिलोन झेंडावंदनाला राष्ट्रगीत चालू असताना भडाभडा नारिंगी ओकला. अहवालात ‘विद्यार्थ्यांचा आतून आलेला प्रतिसाद’ असं घालायला सांगितलं. एल्पिदियानं पेन खाली ठेवलं. मी गुणांची आठवण करून दिली. उचललं.
पहाटे उठणे: उद्यापासून.

६ ऑक्टोबर
फ्लोरिबेर्ता मावशी शाळेत आली. एल्पिदियाची आई; गावातलं दुकान आणि विजेची चक्की तिचीच. म्हणाली, मास्तर, माझे काचेचे क्रेट धूळ खातायत, पोरांचे दात किडायला लागलेत, आणि जरा ओढ्यात जाऊन बघा काय तरंगतंय ते. म्हटलं, मावशी, तरंगतंय म्हणजे वजनाला हलकं आहे, तोच तर प्लास्टिकचा गुण. ती बाहेर जाऊन बायकांना त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. अशा हसल्या की एकीला भिंतीचा आधार घ्यावा लागला. लोकांत मिसळतोय मी.
हल्ली रस्त्यानं जाताना पोरं मागून एक शब्द ओरडतात. एल्पिदियाला अर्थ विचारला. म्हणाली, रिकामी बाटली, सर. ऊर भरून आला. माणूस आणि प्रोजेक्ट वेगळे राहिले नाहीत.

११ ऑक्टोबर
स्पर्धेचे नियम पुन्हा वाचले. शिक्षक त्याच गावचा नागरिक असेल तर जादा गुण! आधी कसं दिसलं नाही? ताबडतोब सरपंच फिदेन्सियोंकडे. गावच्या दप्तरात माझं नाव चढवा म्हटलं. म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. विचारलं, नक्की ना, मास्तर? पुन्हा विचारलं. गावचे झालात की गावाचा भार येतो, म्हणाला. म्हटलं, येऊ द्या. त्यानं माझ्याकडून ते तिसऱ्यांदा वदवून घेतलं. गावंढळ माणसं जरा भावनिक असतात.

१८ ऑक्टोबर
ग्रामसभेत माझं नाव चढलं. त्यानिमित्त भाषण केलं. मी या मातीचा लेक आहे, गाव जो भार देईल तो फुलासारखा उचलीन, वगैरे. सभेनं एकमेकांकडे पाहिलं. मग ज्या टाळ्या! फ्लोरिबेर्ता मावशी तर उभी राहून वाजवत होती. वैर विसरली बिचारी. सरपंचांनी मेस्काल पाजलं. संकल्प मोडला असं नाही, ते गावाचं मेस्काल होतं.
(पहाटे गावकाम होतं, रस्ता दुरुस्ती. गेलो नाही. पाठ.)

२ नोव्हेंबर
मृतांचा दिवस. घरोघरी पितरांसाठी मांडलेल्या फुलांत, मक्याच्या भाकऱ्यांत बुर्बूखाच्या बाटल्या. पोरांना गुण मिळावेत म्हणून मेलेलेसुद्धा सहभागी झालेत. जनजागृती याच्या पलीकडे काय असणार? फोटो काढले.

१० नोव्हेंबर
ग्रीनहाऊस उभं राहिलं. वाऱ्यात शिट्ट्या वाजवतं, पण उभं आहे. सांगाडा सारखा कलत होता, लोखंड हवं होतं. शेवटी एल्पिदियाच्या सायकल-चक्कीची फ्रेम कापून लावली. तिला तेवढ्यात चिकटपट्टी आणायला पाठवलं होतं.
परत आली. उरलेली चाकं गोळा केली. डोळे लाल. धूळ फार आहे इथे. म्हटलं, बाळ, विज्ञान त्याग मागतं. विचारते, सर, तुम्ही काय दिलंत? म्हटलं, मार्गदर्शन. हल्लीच्या मुलांना एवढंही कळत नाही.

१९ नोव्हेंबर
टोमॅटोची रोपं एका रात्रीत काळी पडली. बाटल्यांच्या फटींतून थंडी आत येते आणि मग तिला बाहेरचा रस्ता सापडत नाही. नवा शोध आहे, अहवालात घालणार. तूर्त बाजारातून तयार टोमॅटो आणून हिरव्या दोऱ्यानं बांधले. हुबेहूब.

२५ नोव्हेंबर
परीक्षक येऊन गेले. एकूण छान झालं.
मुख्य परीक्षक बाईंनी टोमॅटो तोडला, तर दोऱ्यासकट मेलेलं रोप हातात आलं. बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत होत्या. शास्त्रीय कुतूहल. मग एल्पिदियाला विचारलं, प्रोजेक्टच्या आधी गावात किती प्लास्टिक फेकलं जायचं? मी मागून खाकरलो. ती म्हणाली, काहीच नाही. बाईंनी विचारलं, आणि आता? तिनं ओढ्याकडे बोट दाखवलं. सगळे परीक्षक ओढ्यावर गेले. कार्यक्रमात नसलेली गोष्ट त्यांनी आवडीनं पाहिली.
नेमकी वीज गेली. विजेची चक्की बंद, सायकलची आता नाही, त्यामुळे पीठ नाही, भाकऱ्या नाहीत. परीक्षकांना जेवायला बुर्बूखा आणि बिस्किटं दिली. विषयाला धरूनच झालं.

४ डिसेंबर
निकाल. आमचं नाव पहिल्यात नाही, शेवटच्यातही नाही. ‘विचारात घेतला नाही’ असा वेगळा विभाग केलाय, त्यात आपण एकटेच. एल्पिदियाचे दहा गुण कापले. परीक्षेतलं उत्तर आणि खरं उत्तर यातला फरक तिला कधीतरी शिकवायलाच हवा होता.
दुपारी मात्र बुर्बूखाचा एजंट स्वतः वर आला. डोंगर विभागात सर्वाधिक विक्रीवाढ, म्हणून फ्रेम केलेलं प्रमाणपत्र, माझ्या नावानं. कुणीतरी कदर केली. पलंगासमोर लावलं.

१५ डिसेंबर
देव आहे! शहरातल्या एका मास्तराला छातीचा त्रास. डॉक्टरांनी डोंगराची हवा सांगितली. तो वर, मी खाली, आपसातली बदली! युनियननं होकार दिला. स्पर्धा गेली खड्ड्यात. नाहीतरी बाटल्यांत मला कधी रस नव्हता. आता फक्त सोडायला हरकत नाही, अशी ग्रामसभेची सही हवी. इरासेमाला फोन केला. म्हणाली, आलात की खरं. आवाज मऊ वाटला. शप्पथ सांगतो, फोन ठेवल्यावर रडलो.
सामान बांधलं.

२७ डिसेंबर
सकाळी. टाय घातला. आज सभा. निरोपाचं छोटं भाषण तयार. शाल बिल देतील असं वाटतंय.

२७ डिसेंबर, नंतर
शांतपणे लिहितो.
सभेत नव्या वर्षाचे भार वाटत होते. इथे गावच्या पदालाच भार म्हणतात. वर्षभर, बिनपगारी, गाव सांगेल ते काम. मी मागे बसून भाषण घोकत होतो. फ्लोरिबेर्ता मावशी उठली. म्हणाली, खालच्या गावाची तक्रार आलीय, त्यांच्या पाटात आपल्या बाटल्या तुंबल्यात. आपल्याकडे कचऱ्याचा भार कधी नव्हता, आता नवा तयार करावा लागेल. आणि त्या कामाला आपल्यात एकच शिकलेला लेक आहे.
सगळ्यांची डोकी एकदम वळली.
मी हसलो. म्हटलं, माझी बदली झालीय, मी बाहेरचा माणूस. सरपंच फिदेन्सियो म्हणाले, बाहेरच्याला सही लगेच दिली असती, मास्तर. मागच्या मास्तरला दिलीच की. गावच्या माणसाला भार फेडल्याशिवाय सोडता येत नाही. तीनदा विचारलं होतं तुम्हाला. नाही म्हणालात तर पाणी तोडावं लागेल, आणि कोठडीची किल्ली शोधावी लागेल, ती बरेच दिवस लागली नाही.
हात वर करा म्हणाले. सगळ्यांनी केले. एल्पिदिया दारात उभी होती. तिला मत नाही, तरी तिनं केला.

३ जानेवारी
भाराची शिट्टी आणि पोतं मिळालं. शाळेनंतर ओढा, ओढ्यानंतर गल्ल्या. पाणी बर्फासारखं. पहिल्याच दिवशी पोतं भरलं, ओढ्याला काही फरक पडला नाही.
शहरातल्या मास्तरनं दुसरा डोंगर बघितला. इरासेमाला फोन केला. म्हटलं, मला गावात पद मिळालंय, पर्यावरणाचं. तिनं विचारलं, किती दिवस? म्हटलं, वर्ष. तिकडे कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, तुमचे हिवाळी कपडे गाडीनं पाठवते, सगळेच पाठवते. आणि फोन ठेवला.
रेंज गेली असावी.

९ जानेवारी
संकल्प: पहाटे उठणे (ओढ्यावर पाचला हजेरी आहेच).
संध्याकाळी दुकानासमोर एल्पिदिया बुर्बूखा पीत पायरीवर बसली होती. हिच्या हातात प्लास्टिकची बाटली मी कधी पाहिली नव्हती. मी पोतं उघडून पुढे केलं. म्हणाली, थांबा सर, अजून संपली नाही.
आणि एक लहानसा घोट घेतला.
थांबलो.