खडपाचे आकडे

नाटे, ता. राजापूर, जि. रत्नागिरी
सोमवार, ३ सप्टेंबर २००७

प्रिय फैझानभाई,

अस्सलामु अलैकुम. आम्ही सगळे खुशाल आहोत. तू, भाभी आणि इफ्फत त्या चाकांवरच्या घरात सुखरूप असाल अशी दुआ करते. तू लिहिलंस त्याप्रमाणे हे पत्र ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमच्या पोस्टाच्या पत्त्यावर टाकणार आहे. ज्याच्या घराला नंबर नाही त्याला पत्र मिळतं कसं, असं आमच्या पोस्टमनने विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ महिनाअखेरपर्यंत त्या गावाजवळ गाडी लावून बसलाय, तू आपला शिक्का मार.

कॅरव्हॅनचे फोटो सगळ्या आळीने पाहिले. तुझा मेहुणा यासीन म्हणतो, बायकोला एवढ्याशा खोलीत चार महिने ठेवायचं तर छाती लागते. मी म्हटलं, छाती तिची, ती राहतेय. दोन झाडांना दोरी बांधून भाभीने कपडे वाळत घातलेत, त्यात तुझी लुंगी दिसली. देश सुटला, गाव सुटलं, लुंगी काही सुटली नाही! सगळे हसले. मी आत जाऊन रडले. त्या लुंगीत काय होतं रडण्यासारखं, कोण जाणे.

आता तुमच्या त्या खेळाबद्दल. जिओकॅशिंग हा शब्द माझी नणंद उझमा न अडखळता म्हणते, राजापूरला कॉम्प्युटर शिकते ना. मला समजलं ते इतकंच: कोणीतरी एक डबा दगडाखाली नाहीतर झाडाच्या ढोलीत लपवायचा, त्या जागेचे आकडे कॉम्प्युटरवर साऱ्या जगाला सांगायचे, आणि तुमच्यासारख्या भटक्यांनी हातातल्या जीपीएसवर ते आकडे लावून डबा शोधायचा. आतल्या वहीत नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. इफ्फतने डब्यातली प्लास्टिकची पाल घेतली आणि मी पाठवलेली हिरवी बांगडी ठेवली, हे वाचून मला फार बरं वाटलं. तिथली मातीही लालच दिसते फोटोत, आपल्या सड्यासारखी. माझी बांगडी अगदीच परमुलखात नाही पडली.

अब्बा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, तू कधीच विचारत नाहीस, तरी सांगते. शहात्तर पूर्ण झाली. डोळ्यांत काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. दिवसातून तीनदा मी डोळ्यांत थेंब घालायला हाकेवरच्या माहेरी जाते. बाकी तोंड पहिल्यासारखंच चालू आहे. तुझा फोन आला की मात्र अजूनही उठून बाहेर जाऊन बसतात. नऊ वर्षं झाली. मला वाटलं होतं वर्षभरात निवळेल.

तू स्वतः लपवलेल्या डब्याचं पान उझमाने कॉम्प्युटरवर शोधून कागदावर छापून आणलं. शनिवारी अब्बांच्या पडवीत बसून तिने ते आम्हाला मराठीत सांगितलं. ‘माझे वडील तांडेल होते, होडी हाकणारे. पाण्याखालचं खडप, मासळीचा खडक, ते कुठल्याही यंत्राशिवाय शोधत. त्यांच्या जागा आता मला दिसायच्या नाहीत, म्हणून ही एक जागा मी सगळ्यांसाठी उघडी ठेवतो.’ खाली लिहिलं होतं, आजवर एक्केचाळीस जणांना डबा सापडला.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. उठून गेले नाहीत. मला वाटलं, झालं, बर्फ वितळला. तर म्हणाले, “अजून तसाच हाय. तिकडं जाऊन पन जागाच वाटीत फिरतोय.”

भाई, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्हीदा रमजानच्या तयारीवर चार ओळी लिहून फाडून टाकलं. रमजान दहा दिवसांवर आलाय, तांदूळ दळून झाले, वगैरे. ते तुला माहीत आहेच.

जे तुलाही माहीत आहे, पण मी तोंडाने कधी म्हटलं नाही, ते आज लिहिते.

अठ्ठ्याण्णव साली तू कुवेतहून सुट्टीवर आलास, तेव्हा अब्बांनी तुला खडपावर नेलं. आपल्यात ती जागा मोठ्या मुलालाच दाखवायची, तीही होडीत, तिथे पोचल्यावर. जमिनीवर तिचं नावही काढायचं नाही. अब्बांना त्यांच्या बापाने तशीच दाखवली होती: मशिदीचा मिनार एका माडाआड गेला आणि दुसऱ्या बाजूने दीपस्तंभ कड्याला लागला की गळ टाकायचा. गोबरा नाहीतर तांबोशी मासा, मोकळा हात कधी परत यायचा नाही. तू कुवेतहून आणलेला जीपीएस काढून बटण दाबलंस आणि अब्बा म्हणाले, “ह्यो डबा बोलका हाय. संभाळ.” घरी येऊन तू हसत हसत मला हे सांगितलंस, आणि आकडे तुझ्या डायरीत उतरवलेस. अम्मी गेल्यापासून माझ्या वेण्या तू घातल्यास, माझ्यापासून तू काय लपवणार होतास?

माझं लग्न दोन महिन्यांवर होतं. यासीनची होडी नवी, जीपीएस लावलेली होती, आणि अब्बा येताजाता म्हणत, ह्याला दर्या कळत नाही, ह्याच्या घरी पोरगी उपाशी मरेल. दोनदा तर लग्न मोडायची भाषा केली. मला वाटलं, यासीनने एकदा भरलेली होडी लावली की अब्बा गप्प बसतील. मी तुझ्या डायरीतले आकडे चिठ्ठीवर उतरवून त्याला दिले. एकटा जा म्हटलं. तो एकटा गेला नाही, खलाशी होतेच बरोबर, आणि खलाशांची तोंडं कोण बांधणार? महिन्याभरात वीस होड्या तिथे उभ्या राहिल्या. जाळी ओढून ओढून खडप खरवडून काढलं.

अब्बांनी तुला पडवीत उभं केलं आणि विचारलं, डबा तुझा, मग बोललं कोण? मी दाराआड होते. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. तू यासीनच्या होडीत माझ्या अक्षरातली चिठ्ठी पाहिली होतीस, हे मला यासीनकडून नंतर कळलं. तू नाव घेतलं असतंस तर लग्न मोडलं असतं. तू काहीच बोलला नाहीस. मीही नाही. अब्बांनी तुझ्याशी बोलणं टाकलं, आठवड्यात तू कुवेतला परत गेलास आणि माझ्या निकाहाला माझा भाऊ नव्हता.

आधी म्हटलं, लग्न होऊन जाऊदे. मग पोटात मुलगा होता तेव्हा म्हटलं, बाळंतपण होऊदे. मग तू ऑस्ट्रेलियाला गेलास, भाभी आली, इफ्फत झाली; मी मनाला सांगितलं, तो सुखात आहे, आता कशाला उकरायचं. दर ईदला शिरखुर्म्याची एक वाटी मी वेगळी काढते आणि संध्याकाळी शेजारच्या पोरांना देऊन टाकते. मला तू हवा होतास, भाई, आणि तुला इथे आणणारं एकच वाक्य माझ्याकडे होतं. ते मी दाबून ठेवलं.

आता अब्बा हाक मारतायत. थेंबांची वेळ झाली. पत्र उरलेलं नंतर लिहिते.

गुरुवार, ६ सप्टेंबर

सांगितलं.

आज सकाळी थेंब घातले. थेंब घातले की पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं असतं. माझ्याकडे बघता येणार नाही एवढी पाच मिनिटं मला पुरेशी होती. मी त्यांच्या पायांशी बसून सगळं सांगून टाकलं, चिठ्ठीपासून मी दाराआड लपले तिथपर्यंत. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अब्बांनी डोळे उघडले नाहीत.

मग म्हणाले, “यासीनला ठाव होता?”

“व्हय.”

“आनि फैझानला?”

“त्याला पन.”

“म्हंजे सगल्यांला ठाव होता. मीच एकला येडा.”

 दुपारी जेवले नाहीत. मी केलेला चहा तसाच राहिला. उझमाने दिला तो प्यायले. यासीन माफी मागायला आला, तो अंगणात अर्धा तास उभा राहून परत गेला. मला वाटत होतं, मारावं त्यांनी मला, निदान ओरडावं. माझं वय आता मार खायचं नाही, पण खरंच वाटत होतं.

तिसऱ्या प्रहरी असरची नमाज पढून काठी टेकत आले ते सरळ फोनपाशी. म्हणाले, “लाव त्याला.” मी सांगितलं, तुम्ही रानात असता तेव्हा फोन लागत नाही. तर रिसीव्हर हातात घेऊन बसले, फोनचा नुसता आवाज ऐकत. मग ठेवून दिला. “बरा झाला. फोनवर मला काय बोलाय जमला नसता. तू लिव.”

मी हेच पत्र घेऊन त्यांच्या समोर बसले. भाई, पुढचं त्यांचं आहे, मी फक्त उतरवून घेतलं.

“त्याला इचार, त्या खडपाचे आकडे अजून हायत काय त्याच्याकडं. मला आता मिनार दिसतो तवा दीपस्तंभ दिसत नाय. मिनार आन् दीपस्तंभ एकदम दिसल्याबिगर जागा गावनार नाय. असले आकडे, तर पत्रात घालू नको म्हनावा. पत्र धा जनांच्या हातातून जाता. सोता घेऊन ये.”

यासीनने आकडे तेव्हाच पुसले, माझी चिठ्ठी मी चुलीत घातली. गावात अजून ज्यांच्याकडे असतील, त्यांना अब्बा मेले तरी विचारणार नाहीत. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, अब्बा, पण तिकडे आता कोणी जात नाही, मासाच उरला नाही.

माझ्याकडे न बघता म्हणाले, “माशांचा कोन बोलतंय?”

नऊ वर्षं तुझ्या आड लपलेली,
रझिया